मालाचे वर्णन

पाच कागद झाले तेव्हा कुठे गाडी सुटली.
मृत्यूचा दाखला. इस्पितळाचं पत्र, संसर्ग नाही म्हणून.
औषध भरल्याचं, पेटीला आतून जस्ताचा पत्रा असल्याचं,
आणि वकिलातीचं, निळ्या गोल शिक्क्याचं,
ज्यासाठी मासिबांडा जोहान्सबर्गच्या एका जिन्यावर
तीन दिवस बसून होती, भाजल्या कणसांवर.

बावीस वर्षं ही गाडी हाकतोय मी.
कागद वाचता येतात, चेहरे तितकेसे नाही.
झेंझोचे कागद चोख होते.
इतके चोख
जिवंत माणसाच्या हातात मी क्वचित पाहिलेत.

मधल्या सीटवर उम्फाफाची फांदी.
तो पडला त्या जागेवरून मासिबांडानं ती फिरवून आणली,
"चल, घरी जाऊ," म्हणाली,
आणि फांदीचं भाडं वेगळं मोजून माझ्या हातावर ठेवलं.
मी घेतलं. घ्यावं लागतं.
त्यानंतर ती माझ्याशी बोलली नाही.
बोलायची ते त्याच्याशी,
मी आपला रस्त्याकडे बघत ऐकायचो:

तू गेलास तेव्हा ऑगस्ट होता, नदी उतरलेली.
बूट गळ्यात बांधलेस.
पुलाच्या दिव्यांपासून मैलभर खाली,
कुणी कुणाचा हात धरायचा नाही असं ठरवून,
मगरीनं एकाला ओढलं तर दोघं जायला नकोत.
फोनवर सांगितलंस आणि हसलास.
मी नव्हते हसले.

अकरा वर्षं तेंबिसात बांधकामावर तो पीटर होता.
पीटर म्हणून पगार, पीटर म्हणून दोनदा कोठडी,
परांचीवरून पडला तोही पीटरच.
शवागारात बोटांचे ठसे जुळले
तेव्हा झेंझो परत मिळाला,
टाइप केलेला, एकही अक्षर न चुकता.

पुलावर थांबायची परवानगी नाही.
मी पहिल्या गिअरवर आणली.
मासिबांडा शालीत वाकली:
"झेंझो, ही नदी.
ह्या वेळी वरून.
पाय भिजायचे नाहीत."

पलीकडे साडेतीन वाजलेले.
ट्रकांची रांग, डिझेल, टपावर गाद्या बांधलेल्या व्हॅन,
तेलाच्या डब्यांना टेकून झोपलेली पोरं.
मेलेल्यांना वेगळी खिडकी नाही,
पण लोक आपणहून सरकतात.
फॉर्मवर रकाना आहे: मालाचे वर्णन.
त्याच्याखाली: किंमत.
इथे काय लिहायचं मला पाठ आहे.
लिहिताना मी कागदावर हात आडवा धरतो,
आईला दिसू नये म्हणून.

शिक्के पडले. पाचही.
मग खाकीतली एक तरुण बाई बॅटरी घेऊन आली,
छातीवर नाव, म्लिलो.
"झाडं, बिया, माती, परवान्याशिवाय नाही.
ह्या फांदीचा कागद?"

मासिबांडा गप्प.
मी तोंड उघडलं, आणि बावीस वर्षांत पहिल्यांदा
त्या रकान्यात भरायला मला शब्द सापडेना.

म्लिलोनं फांदी हातात घेतली.
उम्फाफाला काटे जोडीनं येतात,
एक सरळ, एक मागे वळलेला.
वळलेला तिच्या अंगठ्यात रुतला.
तिनं अंगठा तोंडात घातला, लहान पोरीसारखा,
आणि पेटीकडे पाहिलं.
"कुठून?"
"तेंबिसा."
"कुठे?"
"केझी."
तिनं काही लिहिलं नाही.
बॅटरी विझवली आणि मागच्या व्हॅनकडे गेली,
तिथे एकाच्या कोंबड्यांवरून तिचा आवाज चढलेला ऐकू आला.

फाटक वर गेलं.
पाच कागद, पाचही पेटीचे.
त्याचा स्वतःचा एकही नाही.
म्हणजे लेकाचा
गेला तसाच आला.

ग्वांडाच्या अलीकडे उजाडलं.
मासिबांडानं तिच्या बाजूची काच
चार बोटं खाली केली
आणि फांदी मांडीवर घेऊन
वाऱ्याकडे धरली.